शिष्टाईचे पारितोषिक

एखाद्या राजकारणी पुरुषाला शांततेचे पारितोषिक मिळाले म्हणजे प्रथम हशा पिकतो, मग वाद माजतो, आणि थोड्याच काळात दोन्ही ओसरून पारितोषिक तेवढे चरित्रकोशात उरते. १९७३ साली हेन्री किसिंजर व ले डुक थो या दोघांची निवड झाली, तेव्हा निवड समितीतील दोन सभासद राजीनामे देऊन बाहेर पडले. आणि आपल्या देशात अद्याप खरी शांतता आलेली नाही असे सांगून थो यांनी तो मान नाकारला. २००९ साली बराक ओबामा यांना अध्यक्षपदाचे पहिले वर्ष पुरे होण्याआधीच तो मिळाला, तेव्हा त्यांचे चाहतेसुद्धा काहीसे गोंधळले. हे प्रसंग पुष्कळ वाचकांच्या आठवणीत असतील. परंतु या सर्व वादांची गंगोत्री १९०६ सालची आहे. त्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हे पारितोषिक देण्यात आले. राष्ट्राचा कारभार प्रत्यक्ष हाती असलेल्या पुरुषाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या वेळी कोण हसले, कोण संतापले, आणि कोणाला हसण्यासंतापण्याचीही सोय उरली नव्हती, हे पाहण्याचा येथे आमचा विचार आहे.

डायनामाइटचा शोध लावून अपार संपत्ती मिळविलेल्या आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी जे मृत्युपत्र केले, त्यात या पारितोषिकाच्या तीन कसोट्या घालून दिल्या आहेत : राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढविणे, खडी सैन्ये नाहीशी करणे किंवा कमी करणे, आणि शांतता-परिषदा भरविणे. निवडीचे काम त्यांनी नॉर्वेच्या लोकसभेने नेमलेल्या पाच जणांवर सोपविले. पहिली पाच वर्षे या पाच जणांनी बहुतेक सरळ वाटेने काढली. १९०१ साली रेडक्रॉसच्या स्थापनेस कारण झालेले आँरी द्युनाँ आणि शांतता-चळवळीचे जुने कार्यकर्ते फ्रेदेरिक पासी यांना त्यांनी पारितोषिक विभागून दिले. १९०५ साली ते बेर्था फॉन सुटनर या लेखिकेस मिळाले. युद्धाचा जन्मभर तिटकारा केलेली ही माणसे. त्यांच्या निवडीवर कोणी हसले नाही, पण कोणी फारसे लक्षही दिले नाही.

अशा मालिकेत रूझवेल्ट यांचे नाव आले. १८९८ साली क्यूबाच्या युद्धात स्वयंसेवक घोडेस्वारांचे पथक घेऊन टेकडीवर चालून गेलेले, शिकारीचे आणि आरमाराचे वेडे, हातात मोठी काठी ठेवून गोड बोलावे या म्हणीने जगभर ओळखले जाणारे हे गृहस्थ. १९०३ साली कोलंबियापासून पनामा तोडून तेथे कालव्याची सोय करून घेण्यात त्यांचा हात होता. फिलिपाइन्स बेटांतील लोकांचे स्वातंत्र्ययुद्ध मोडून काढण्याचे काम त्यांच्याच कारकीर्दीत पुरे झाले. आणि ज्या वर्षी पारितोषिक मिळाले त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, तेथील होलो बेटावर एका मृत ज्वालामुखीच्या मुखात आश्रय घेतलेल्या शेकडो मोरो पुरुषांची, स्त्रियांची व मुलांची अमेरिकन फौजेने कत्तल केली. या पराक्रमाबद्दल रूझवेल्ट यांनी सेनापतीस अभिनंदनाची तार पाठविली होती. मार्क ट्वेन याने त्यावर अतिशय जळजळीत मजकूर लिहून ठेवला. पण तो त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही.

तेव्हा नॉर्वेतील डाव्या मताच्या लोकांनी या निवडीचा निषेध केला यात नवल नाही. ज्याच्या अंगी लष्करशाही मुरलेली आहे आणि ज्याने परक्या बेटांवर राज्य लादले, त्याला शांततेचा पुजारी कसे म्हणावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. शेजारच्या स्वीडनमधील वर्तमानपत्रांनी तर नोबेल आपल्या थडग्यात कूस बदलीत असतील असे लिहिले. त्यांच्या टीकेत आणखी एक काटा होता. आदल्याच वर्षी, १९०५ साली, नॉर्वे स्वीडनशी असलेले संयुक्त राज्य मोडून वेगळा झाला होता. या नवजात, दुबळ्या राष्ट्राला बलाढ्य मित्र हवा आहे, आणि म्हणून नोबेल यांच्या पैशाने अमेरिकेची मर्जी संपादन करण्याचा हा घाट आहे, असा स्वीडिश पत्रांचा आरोप होता. आरोप मत्सरातून आलेला होता हे उघड आहे. तथापि तो अगदीच निराधार वाटू नये अशी एक गोष्ट होती : निवड समितीचे अध्यक्ष यर्गेन लेवलान हेच त्या वेळी नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री होते! घरचा पुरोहित आणि लग्न जुळविणारा मध्यस्थ एकच असला म्हणजे मुहूर्ताविषयी शंका यायचीच. अधिकारावरील मंत्र्याने या समितीत बसू नये हा नियम व्हावयास पुढे १९३७ साल उजाडावे लागले.

१० डिसेंबर १९०६ रोजी ख्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात, नॉर्वेच्या लोकसभेत समारंभ झाला. रूझवेल्ट आले नव्हते. त्यांच्या वतीने अमेरिकेचे वकील हर्बर्ट पीअर्स यांनी पदक स्वीकारले. पारितोषिकाचे कारण म्हणून रशिया आणि जपान यांच्यामध्ये आदल्या वर्षी घडवून आणलेला तह सांगण्यात आला. हसणाऱ्यांनी माणसाकडे पाहिले, देणाऱ्यांनी कृत्याकडे पाहिले, असे वरवर दिसते. आम्हांसही काही काळ हा वाद एवढाच वाटत होता. पण ते कृत्य जरा जवळून पाहिले म्हणजे हसणारे आणि देणारे या दोघांच्याही नजरेतून काय सुटले ते कळते.

रशिया आणि जपान यांचे युद्ध १९०४ च्या फेब्रुवारीत पेटले. भांडण कशाबद्दल, तर मांचुरिया आणि कोरिया यांवर वर्चस्व कोणाचे याबद्दल. म्हणजे दोन्ही प्रदेश तिसऱ्याचेच. १९०५ च्या जानेवारीत पोर्ट आर्थर पडले, मार्चमध्ये मुकदेनच्या रणांगणावर रशियन सेना हटली, आणि २७ व २८ मे रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत सेनापती तोगो याने रशियाचे आरमार बुडविले. जग थक्क झाले. परंतु जिंकणाऱ्याची तिजोरी रिकामी झाली होती. जपानच्या युद्धखर्चाचा मोठा वाटा लंडन व न्यूयॉर्क येथील कर्जांवर चालला होता, आणि मुकदेननंतर पुढे रेटण्याइतके शिलेदार व दारूगोळा त्याच्यापाशी उरला नव्हता. ही गोष्ट जपानी मंत्री जाणून होते, जपानी प्रजा जाणत नव्हती. म्हणूनच त्सुशिमाच्या विजयानंतर लगेच जपान सरकारने रूझवेल्ट यांना मध्यस्थीची विनंती गुप्तपणे केली, आणि जगाला मात्र ती रूझवेल्ट यांच्या मनाची प्रेरणा म्हणून दिसली.

शिष्टाईचे काम त्यांनी कौशल्याने केले हे त्यांच्या शत्रूलाही नाकारता येणार नाही. ५ ऑगस्ट रोजी ऑयस्टर बे येथे 'मेफ्लॉवर' या सरकारी जहाजावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची त्यांनी ओळख करून दिली. भोजन उभ्या उभ्याच ठेवले, कारण पंगत मांडली असती तर उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण यावरच तह मोडला असता. शुभचिंतनाचा पेला उचलताना त्यांनी आधीच बजावले की, यास कोणी उत्तर देऊ नये. म्हणजे पहिले कोण बोलले हाही प्रश्न मिटला. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात रुसवेफुगवे सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांना हे तंत्र नवीन वाटणार नाही. पुढे पोर्टस्मथच्या आरमारी कोठारात जपानचे कोमुरा व ताकाहिरा आणि रशियाचे विट्टे व रोझेन यांची बैठक आठवडे न् आठवडे चालली. रूझवेल्ट तेथे गेले नाहीत. त्यांनी घरी बसून तारा हलविल्या. कधी जर्मनीच्या कैसराला, कधी सेंट पीटर्सबर्ग येथील आपल्या वकिलामार्फत खुद्द झारला. झारचा हट्ट एकच होता : युद्धखंडणी म्हणून एक कोपेकही द्यायचा नाही. अखेर २९ ऑगस्टला जपानने खंडणीची मागणी सोडली, रशियाने साखालीन बेटाचा दक्षिणार्ध सोडला, आणि ५ सप्टेंबर १९०५ रोजी तहावर सह्या झाल्या. मुकदेनला दोन्हीकडची मिळून लाखो माणसे एकमेकांवर तुटून पडली होती. तसा आणखी एक संग्राम या तहाने टळला. ते पुण्य रूझवेल्ट यांचेच आहे, आणि ते त्यांच्या पदरी घालण्यास आम्ही कुचराई करणार नाही.

ज्या दिवशी पोर्टस्मथला सह्या झाल्या त्याच दिवशी तोक्योच्या हिबिया उद्यानात तहाच्या निषेधाची सभा होती. पोलिसांनी बंदी घातली, कुंपण घातले. तीस हजारांच्या जमावाने ते मोडले. त्यानंतर दोन-तीन दिवस राजधानी जळत होती. गृहमंत्र्यांच्या निवासस्थानावर हल्ला झाला, सरकारची बाजू घेणाऱ्या 'कोकुमिन' पत्राची कचेरी फोडली गेली, शहरातील बहुतेक पोलीस चौक्या राख झाल्या, काही ख्रिस्ती देवळेही जाळली गेली. सतरा माणसे प्राणास मुकली आणि सरकारला लष्करी कायदा पुकारावा लागला. त्या सुमारास तोक्योत आलेल्या एका अमेरिकन कोट्यधीशाच्या मंडळींवरही दगड पडले. लोकांचा राग समजण्यासारखा होता. १८९५ साली चीनला हरविले तेव्हा मोठी खंडणी मिळाली होती. या वेळी दीड वर्ष कर भरले, मुले रणात धाडली, विजयाच्या प्रत्येक बातमीला कंदिलांच्या मिरवणुका काढल्या, आणि हाती आले अर्धे बेट! तिजोरी रिकामी आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चार महिन्यांत कात्सुरा मंत्रिमंडळ गेले. तिकडे रशियात विट्टे यांना काउंट ही पदवी मिळाली, आणि लोकांनी तिला लगेच 'अर्ध्या साखालीनचे काउंट' अशी जोड दिली. जपान्यांना अर्धे बेट कमी वाटले, रशियनांना अर्धे बेट जास्त गेले असे वाटले.

पारितोषिकाची वार्ता येईपर्यंत या रागाला नवे कारण मिळाले होते. १९०६ च्या ऑक्टोबरात सान फ्रान्सिस्कोच्या शाळामंडळाने जपानी मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळांतून काढून वेगळ्या शाळेत घालण्याचा ठराव केला. रूझवेल्ट यांनी डिसेंबरच्या आरंभी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात या ठरावाची कडक निर्भर्त्सना केली. आठवड्याभरातच ख्रिस्तियानियाचा समारंभ झाला. आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस याच शांतताप्रिय अध्यक्षांनी सोळा लढाऊ जहाजांचे आरमार जगप्रदक्षिणेस धाडले. जपानने ते पाहावे हा त्यातील एक हेतू होता.

ख्रिस्तियानिया, स्टॉकहोम, तोक्यो, सेंट पीटर्सबर्ग येथील बोलणे आपण ऐकले. आपल्या घरीही काही बोलले जात होतेच. जपानच्या विजयाने त्या वेळी सारा हिंदुस्थान हर्षभरित झाला होता. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत तोगोचे नाव आदराने घेतले जाई. उद्योगधंदे शिकण्यासाठी तरुण जपानला जाऊ लागले. आशियातील एका राष्ट्राने युरोपातील साम्राज्य नमविले, तेव्हा आपलीही पाळी येईल, ही आशा १९०५ च्या ऑक्टोबरातील वंगभंगाच्या काळात किती मोलाची असेल हे आम्ही आज ओळखू शकतो. त्या पिढीला दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. पण आशिया जिंकला असे म्हणताना आशियातलाच एक देश हरत होता, आणि त्या आनंदात त्याच्याकडे वळून पाहण्याची आठवण येथे फार थोड्यांना झाली. तो देश कोरिया.

कोरियाने १८८२ साली पाश्चात्य राष्ट्रांपैकी प्रथम अमेरिकेशीच तह केला होता. त्याच्या पहिल्याच कलमात असे होते की, तिसऱ्या कोणी दोहोंपैकी एकावर अन्याय केला तर दुसऱ्याने मध्यस्थी करून समेट घडवावा. कोरियाच्या राजाने हे कलम अक्षरशः खरे मानले. १९०५ च्या ४ ऑगस्टला, म्हणजे 'मेफ्लॉवर'वरील भोजनाच्या आदल्याच दिवशी, सिंगमन री हा तीस वर्षांचा तरुण एका ख्रिस्ती उपदेशकासह रूझवेल्ट यांना भेटला आणि त्याने त्या कलमाची आठवण देणारा अर्ज पुढे केला. अध्यक्षांनी त्यांचे आदराने स्वागत केले, आणि अर्ज रीतसर आपल्या वकिलातीमार्फत आणा असे सांगितले. वॉशिंग्टनच्या कोरियन वकिलातीने तो पुढे करण्यास नकार दिला. अर्ज तेथेच राहिला.

भेटीत जे सांगितले गेले नाही ते असे. २७ जुलै रोजी तोक्यो येथे अमेरिकेचे युद्धमंत्री टॅफ्ट आणि जपानचे पंतप्रधान कात्सुरा यांचे बोलणे झाले होते. जपानला फिलिपाइन्सवर डोळा नाही असे कात्सुरांनी सांगितले. कोरियावर जपानचे वर्चस्व असावे हे टॅफ्ट यांनी मान्य केले. आणि ३१ जुलैला रूझवेल्ट यांनी तारेने आपली संमती कळविली. याला करार म्हणावे की नुसते टिपण, यावर इतिहासकारांचा वाद आहे. आमच्या मते तो शब्दांचा वाद आहे. ज्याच्या घराविषयी बोलणे झाले त्याला ते बोलणे १९२४ साली, म्हणजे घर जाऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, छापलेले वाचावयास मिळाले. पोर्टस्मथच्या तहात तर ती गोष्ट उघडच लिहिली गेली : कोरियात जपानचे हितसंबंध सर्वश्रेष्ठ आहेत हे रशियाने मान्य केले. कोरियन स्वतःच्या बचावासाठी एक तडाखाही हाणू शकत नाहीत, मग त्यांच्यासाठी आपण जपानशी वैर का घ्यावे, असा रूझवेल्ट यांचा खासगीतील हिशेब होता. कृष्णशिष्टाईत पाच गावे तरी मागितली गेली होती. येथे ज्याची गावे, त्याला बैठकीत पाऊल टाकण्याचीही परवानगी नव्हती.

१७ नोव्हेंबर १९०५ च्या रात्री सोलच्या राजवाड्याभोवती जपानी शिपायांचा पहारा असताना कोरियाच्या मंत्र्यांकडून सह्या घेण्यात आल्या आणि कोरियाचे परराष्ट्रव्यवहार जपानकडे गेले. राजाने होमर हल्बर्ट या अमेरिकन शिक्षकाच्या हाती मदतीचे पत्र वॉशिंग्टनला धाडले होते; ते हाती घेण्यापूर्वीच अमेरिकेने नवी व्यवस्था मान्य केली. सोलमधून वकिलात हलविण्यात अमेरिकाच आघाडीवर होती. २० नोव्हेंबरला 'ह्वांगसंग सिनमुन' या पत्राचा संपादक चांग ची-यन याने आक्रोशाचा अग्रलेख छापला. पत्र बंद झाले आणि संपादक तुरुंगात गेला. लोकमत म्हणून ज्याला म्हणतात त्याचे तेथे त्या दिवसापासून काय झाले असेल हे केसरीच्या वाचकांच्या वंशजांना समजावून सांगावयास नको.

पारितोषिकाची रक्कम सुमारे सदतीस हजार डॉलर होती. दोन राष्ट्रांत तह जुळविल्याबद्दल पैसा घेणे, तेही अध्यक्षपदामुळेच ते जमले असताना, रूझवेल्ट यांना प्रशस्त वाटेना; मुलांना मिळणारे धन हातचे सोडावे लागते याचे वाईट वाटते असेही त्यांनी मुलाला मोकळेपणाने लिहिले. मालक व मजूर यांच्यात सलोखा राखणाऱ्या एका निधीसाठी त्यांनी ती दिली. विश्वस्तांनी अकरा वर्षे त्या पैशाला हात लावला नाही. शेवटी १९१८ साली रूझवेल्ट यांनी काँग्रेसकडून तो परत मागून घेतला आणि व्याजासह पंचेचाळीस हजारांवर गेलेली रक्कम महायुद्धातील मदतकार्याला वाटून टाकली. त्याच जुलैमध्ये त्यांचा धाकटा मुलगा क्वेंटिन फ्रान्समध्ये विमानयुद्धात पडला होता. पैशाच्या बाबतीत या माणसाची वागणूक निर्मळ होती. येथेही त्यांना न्याय दिला पाहिजे.

परंतु १९०९ च्या जानेवारीत, अध्यक्षपद सोडण्यापूर्वी काही आठवडे, वॉशिंग्टनमध्ये मेथॉडिस्ट पंथाच्या सभेत त्यांनी जे भाषण केले ते आमच्या वाचकांनी विसरू नये. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्य हे गोऱ्या लोकांच्या गेल्या दोन शतकांतील अत्यंत थोर कर्तबगारींपैकी एक आहे, असा त्यात गौरव होता. त्या महिन्यात लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात शिक्षेचे पहिले वर्ष काढीत होते. सोलच्या लोकांना चार वर्षांपूर्वी जे कळले होते ते आमच्या लोकांना तेव्हा कळले.

सिंगमन री याला अमेरिकेला पाठविणाऱ्यांत मिन यंग-ह्वान हा कोरियाचा सरदार प्रमुख होता. झारचा राज्याभिषेक आणि व्हिक्टोरिया राणीचा हीरकमहोत्सव या दोन्ही समारंभांस आपल्या राजाचा वकील म्हणून तो गेला होता. राष्ट्राराष्ट्रांतील तहांवर त्याचा विश्वास होता. नोव्हेंबरचा तो करार मागे घेण्याची विनंती व्यर्थ गेल्यावर ३० नोव्हेंबर १९०५ रोजी त्याने आपल्या देशबांधवांना व परराष्ट्रीय वकिलांना उद्देशून पत्रे लिहून ठेवली आणि आत्महत्या केली. त्याचे रक्ताळलेले कपडे घरातील एका खोलीत ठेवले होते. १९०६ च्या उन्हाळ्यात ती खोली उघडली तेव्हा जमिनीच्या फटींतून हिरवा बांबू उगवलेला दिसला. बातमी वर्तमानपत्रांत आली, लोकांची रीघ लागली; त्याची पाने मोजली तर ती पंचेचाळीस, म्हणजे मिनच्या वयाइतकी, भरली असे सोलमध्ये सांगू लागले. त्यानंतर पाच महिन्यांनी ख्रिस्तियानियात पदक दिले गेले. ते पदक आज वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये आहे. बांबू पुढे उपटला गेला. त्याच्या वाळलेल्या कांड्या सोलच्या कोरिया विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत.